कारण : धूळ

“मुकी पाठवली काय हो तुम्ही?”

विलासभाऊ फोनवर बोलत होते. आवाज दाबलेला होता, पण मी त्यांच्या चपलांपासून हातभर अंतरावर, टेबलाखाली बसून कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी एकेक करून काढत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

“नाई नाई, आली वेळेवर. पण अर्धा घंटा झाला, एक शब्द बोलली नाई. नमस्कार केला अन् डायरेक्ट टेबलाखाली घुसली.”

पलीकडून मोहनकाका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण मला ते पाठ आहे. “पोरगी कमी बोलते, पण मशीन तिच्याशी बोलते,” असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. मला त्याची फार लाज वाटते. त्यानंतर गिऱ्हाईक माझ्याकडे अंगात येणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघतं.

मोहनकाकांचं यवतमाळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी तिथे आठ वर्षं काम करते. आमच्याकडे आजोबांपासून सगळे कचेरीत. वडील कचेरीत, आत्या कचेरीत, काका वकील. मला इंग्रजी शाळेत घातलं ते मी त्यांच्यापेक्षा मोठ्या कचेरीत बसावं म्हणून. मी बसले ती टेबलांच्या खाली. वडील अजूनही ओळखीच्यांना सांगतात, “ती आयटीमध्ये आहे.” ते खोटं नाही, म्हणून मी दुरुस्त करत नाही.

या अंकासाठी कामाबद्दल लिहा असं संपादकांनी म्हटल्यावर मला पहिल्यांदा आमच्या दुकानातलं पावतीपुस्तक आठवलं. त्यात एक रकाना असतो, ‘बिघाडाचं कारण’. काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, की त्या रकान्यात शक्यतो ‘धूळ’ लिहायचं. एका डॉक्टरांच्या स्वागतकक्षातला कीबोर्ड आला, त्यात तंबाखूच्या खर्ऱ्याची सुपारी निघाली. कारण, धूळ. एका वकिलांनी केस हरल्यावर मॉनिटरला काय केलं ते मॉनिटरवर स्पष्ट दिसत होतं. कारण, धूळ. उमरखेडहून एक नवरा-बायको आले, दोघंही वेगवेगळ्या दिवशी, एकाच लॅपटॉपसाठी, आणि दोघांनीही मला दुसऱ्याला सांगू नका म्हणून बजावलं. लॅपटॉपवर दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळे चहा सांडले होते. दोन्ही पावत्यांवर धूळ. यवतमाळातल्या कितीतरी घरांची गुपितं आमच्याकडे या एका शब्दाखाली ठेवलेली आहेत. मला हा शब्द आवडायचा. एका शब्दात काम भागतं आणि कोणाला काही सांगावं लागत नाही.

आर्णीच्या प्रेसमध्ये गेले त्या दिवसानंतर तो तितकासा आवडत नाही.

विलासभाऊंचा लग्नपत्रिकांचा प्रेस आहे. तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता, त्यामुळे बाहेर काउंटरवर गर्दी होती आणि आतल्या खोलीत शाईचा आणि ओल्या कागदाचा वास. कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. कॅबिनेट मूळचं पांढरट असावं, आता तुरीच्या डाळीच्या रंगाचं झालेलं. माझ्या जन्माच्या आसपासचं मशीन, म्हणजे मी आणि ते एकाच वयाचे, आणि त्यानं माझ्यापेक्षा जास्त लग्नं पाहिलेली. जुनी विंडोज, चौसष्ट एमबी मेमरी. आजच्या साध्या फोनमध्येही याच्या पन्नासपट तरी असते.

असं मशीन कोणी कायले ठेवतं, असं तुम्ही विचाराल. कारण त्याच्यात मराठी अक्षरजुळणीचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. त्या सॉफ्टवेअरला कुलूप आहे, आगपेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा, तो मागे प्रिंटरच्या जागी खोचायचा. आजच्या कॉम्प्युटरला ती जागाच नसते. सॉफ्टवेअर बनवणारे केव्हाच धंदा बंद करून गेले. त्यात केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर अक्षरांऐवजी कंस, टिंबं आणि प्रश्नचिन्हं दिसतात. म्हणजे फाइलची प्रत काढून ठेवता येते, पण ती वाचायला हेच मशीन जिवंत लागतं.

पत्रिका आता नव्या कॉम्प्युटरवर होतात. हे जुनं मशीन एकाच कामासाठी उरलं होतं. ते काम भिंतीला टेकून खुर्चीवर बसलं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा लावून.

राठोड गुरुजी. आर्णीजवळच्या एका तांड्यावरचे, सगळी नोकरी तांड्यांवरच्या शाळांत केलेले. आठ दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या डोळ्याचं व्हायचं होतं. त्यांनी अकरा वर्षं खपून गोर बोलीतल्या, म्हणजे बंजारा लोकांच्या भाषेतल्या, शब्दांचं आणि वाक्यांचं एक पुस्तक तयार केलं होतं, तांड्यावर नव्यानं येणाऱ्या शिक्षकांसाठी. ते दर बाजाराच्या दिवशी येत, वहीतून सांगत आणि विलासभाऊंच्या बायको, सुनंदावहिनी, टाइप करत. वह्या पुढे वाळवीनं खाल्ल्या. गुरुजींनी फार वाईट वाटून घेतलं नाही, कारण मजकूर कॉम्प्युटरमध्ये सुखरूप होता.

मग छपाईची वेळ आली. वहिनींनी सगळे सुटे भाग जोडून एक मोठी फाइल केली, आणि डिस्कवर जागा उरेना म्हणून सुटे भाग पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी मोठी फाइल उघडायला गेल्या तर मशीननं सांगितलं, मेमरी अपुरी आहे. दहा दिवस ते हेच सांगत होतं.

बाहेरच्या माणसाला मेमरी समजावायची तर मी स्वयंपाकघरात जाते. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ, तिथे सगळं सामान भरून ठेवलेलं असतं. मेमरी म्हणजे ओटा. सामान वापरायचं तर फडताळातून काढून ओट्यावर मांडावं लागतं. ओटा दोन हात लांबीचा असेल, तर फडताळ कितीही भरलेलं असो, पन्नास माणसांचा स्वयंपाक त्यावर मांडता येत नाही. मला त्या दिवशी ओटा वाढवून द्यायचा होता. सांगायला एवढंच काम. जुनी पट्टी काढायची, नवी बसवायची, पाच मिनिटं.

“आज झालं तर झालं, मॅडम,” विलासभाऊ फोन ठेवून वाकून मला म्हणाले. “उद्या सकाळी भंगारवाला येऊन राह्यला. नव्या कटिंग मशीनले जागा पाहिजे. मी गुरुजीले दिवाळीपासून सांगून राह्यलो.”

“सांगून राह्यला, बरोबर आहे,” गुरुजी भिंतीकडून म्हणाले. “लेकराचं काम आहे म्हणून थांबला. नाही तर मलाही भंगारात दिलं असतं.”

“तुमचं वजन भरत नाई, गुरुजी,” विलासभाऊ म्हणाले आणि बाहेर गिऱ्हाइकाकडे गेले.

जुन्या मशीनला हात लावायच्या आधी डिस्कची प्रत काढायची, हा आमच्या दुकानाचा नियम. त्याला तास लागतो. तेवढ्या वेळात बहुतेक गिऱ्हाइकं मला काहीतरी विचारतात आणि मी एका शब्दात उत्तर देते. गुरुजींनी काही विचारलं नाही. ते आपलं सांगत राहिले.

“नवा मास्तर यायचा तांड्यावर,” ते म्हणाले. “चांगला शिकलेला असायचा. आठ दिवसांत माझ्याकडे यायचा अन् म्हणायचा, गुरुजी, पहिलीतली पोरं मुकी आहेत हो. मी विचारायचो, तू काय विचारलं? तो म्हणायचा, आईचं नाव सांग, घरी कोण कोण आहे सांग. मराठीत. अरे बाबा, त्या लेकराच्या घरात आई नाही, याडी आहे. ते घरी जाऊन इतकं बोलतं की याडी कान धरते त्याचा. मुकं कोण, तो का तू?”

मी डिस्कच्या दिव्याकडे बघत होते. माझ्या शिशुवर्गाच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी इंग्रजीत लिहिलं होतं की ही मुलगी बोलत नाही. आईनं ते मला नंतर वाचून दाखवलं होतं. घरी मी सारखी बोलायचे म्हणे. शाळेत वर्षभर मी पाणी प्यायला जाऊ का एवढंसुद्धा विचारलं नाही, कारण ते विचारायचं वाक्य मला येत नव्हतं. पुढे वाक्यं आली, पण गप्प बसायची सवय गेली नाही. हे गुरुजींना सांगावंसं वाटलं. मी मान हलवली. काळ्या चष्म्यातून त्यांना ती दिसली नसणार.

प्रत झाली. मी वीज काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिरवीज उतरवली आणि बाजूचं झाकण काढलं. त्याला एकही स्क्रू नव्हता. मेमरीच्या तीन खाचा होत्या. पहिलीत जुनी पट्टी, बाकी दोन मोकळ्या. मी यवतमाळहून दोन मोठ्या पट्ट्या आणल्या होत्या, पाचशेबारा एमबीच्या. काकांच्या माळ्यावरच्या खोक्यातून शोधून, तपासून. एकीनं भागलं असतं. पण मला वाटलं, गुरुजींचं काम आहे, भरपूर देऊ. त्याबद्दल पुढे सांगते.

जुनी पट्टी काढली, नव्या दोन बसवल्या, वीज दिली.

पडदा काळाच राहिला आणि मशीन ओरडायला लागलं. एक लांब शिटी, थोडी थांबून पुन्हा तशीच. मेमरी सापडत नाही, असा त्याचा अर्थ. यात घाबरण्यासारखं काही नसतं. पट्टी नीट बसली नसेल, खाच आवडली नसेल. मी एकच पट्टी ठेवून पाहिली. शिटी. दुसरी ठेवून पाहिली. शिटी. शेवटी नव्या दोन्ही काढून जुनी पट्टी तिच्या जुन्या जागी परत बसवली, म्हणजे सगळं सकाळी होतं तसं केलं.

शिटी.

विलासभाऊ बाहेरून आले. “काय वाजून राह्यलं?”

मी म्हटलं, “बघते.”

“सकाळी तर चालू होती.”

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जड वाक्य आहे.  सकाळी चालू होती, मी हात लावला, आता बंद आहे. कोणीही यातून जे काढेल तेच त्यांनी काढलं. त्यांनी तिथेच उभं राहून मोहनकाकांना फोन लावला.

“मोहनभाऊ, चालती मशीन बंद पाडली तुमच्या पोरीनं. मेमरीसाठी बोलावलं होतं, आता शिट्ट्या मारून राह्यली… घ्या, तुम्हीच बोला.”

काकांनी विचारलं, “बेटा, काही चुकलं का तुझ्याकडून?”

“नाही.”

“मग?”

“अर्धा तास,” मी म्हटलं आणि फोन परत दिला.

मला खात्री होती. हा तोरा नाही. ज्या क्रमानं हात चालवला तो मला आठवत होता आणि त्यात चूक नव्हती. मशीन माणसासारखं रुसत नाही. त्याला कारण लागतं, आणि कारण बहुतेक वेळा डोळ्यांनी दिसेल इतकं साधं असतं. मी टॉर्च काढला आणि खाचांमध्ये उजेड टाकला.

दुसरी खाच लाल होती.

पहिल्यांदा मला गंज वाटला. पण गंज तपकिरी असतो, हा लाल होता, आणि कडेला पिवळा. तिसऱ्या खाचेत एक तांदळाचा दाणा रुतून बसला होता. त्याच्या शेजारी झेंडूची वाळलेली पाकळी. मी आडवी होऊन आत पाहिलं तर सगळ्या पाटीवर, पंख्याच्या कडांना, वायरींच्या घड्यांत हळद-कुंकवाचे थर होते, वर्षावर्षाचे.

खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. प्रेसमध्ये छपाईयंत्राला हार घालतात, कटरला कुंकू लावतात. कॉम्प्युटरलाही. पण बहुतेक लोक मॉनिटरला एक बोट टेकवतात.

आता सगळा हिशोब जुळला. जुनी पट्टी इतकी वर्षं तिच्या खाचेत घट्ट बसून होती. कुंकू तिच्याभोवती, तिच्यावर, शेजारच्या मोकळ्या खाचांत साचत गेलं, पण तिच्या आणि खाचेच्या पितळी दातांच्या मध्ये शिरायला फट नव्हती. मी पट्टी उपसली आणि वरचं कुंकू त्या मोकळ्या खाचेत घसरलं. पावसाळ्यातल्या दमटपणानं त्याचा गिलावा झालेला. त्यातून वीज जात नव्हती. म्हणजे मशीन माझ्यामुळे बंद पडलं हे खरंच होतं, फक्त चूक माझी नव्हती.

मी मान वर केली. सुनंदावहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. टॉर्चचा उजेड कुठे पडलाय ते त्यांनी पाहिलं होतं. त्या जवळ आल्या, कप स्टुलावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, “माह्यानंच झालं का वं?”

मी काही म्हणायच्या आधी त्याच पुढे म्हणाल्या, “दर वर्षी झाकण काढून करते मी. बाहेरून काय पूजा करायची, काम तर आतलं करते नं.”

त्यांचा चेहरा उतरला होता. फाइल जोडली त्यांनी, सुटे भाग पुसले त्यांनी, आता हेही त्यांचंच. आणि बाहेर विलासभाऊ काउंटरवरच्या कोणाला तरी सांगत होते की मशीन गेली, गुरुजीचं अकरा वर्षांचं काम गेलं.  

मी वहिनींना मान हलवून ‘नाही’ म्हटलं. मान हलवायला काही लागत नाही.

मग कामाला लागले. पट्ट्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या, चौथीतलं पोर वही पुसतं तशा, न दाबता. खाचांमधलं कुंकू रंगाच्या कोरड्या ब्रशनं सुटं केलं. आतल्या दातांपर्यंत ब्रश पोचेना. मला पातळ पण ताठ असं काहीतरी हवं होतं. मी इकडेतिकडे बघितलं, तर वहिनींनी काही न विचारता रद्दीतली एक जाड लग्नपत्रिका उचलली, कात्रीनं तिची पट्टी कापली आणि माझ्यापुढे धरली. कोणाचं तरी ‘शुभविवाह’ त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. मी तिला स्वच्छ सुती कापड गुंडाळलं, स्पिरिटचे थेंब टाकले आणि खाचेतून आडवी फिरवली. कापड लाल निघालं. दुसरं घेतलं, तेही लाल. वहिनी कापडाचे तुकडे करून देत होत्या, मी फिरवत होते. सातवं की आठवं कापड पांढरं निघालं. तांदळाचा दाणा चिमट्यानं काढून मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला. का ते मी विचारलं नाही.

सगळं वाळू दिलं. जुनी पट्टी आधी. वीज.

एकच छोटी टिप्, आणि पडद्यावर आकडे पळायला लागले. जुनी मशीनं सुरू होताना आपली मेमरी मोजतात, आणि तो आकडा वाढताना बघणं मला लहानपणी पाळण्यात बसायला आवडायचं तितकं आवडतं.

“लागली?” विलासभाऊ बाहेरून ओरडले.

 मी मशीन बंद केलं, जुनी पट्टी काढून दोन्ही नव्या बसवल्या, पुन्हा सुरू केलं. आकडा पळत पळत एक हजार चोवीस एमबीपर्यंत गेला. सोळापट ओटा. विलासभाऊ येऊन मागे उभे राहिले होते. मला मनातून खूप बरं वाटत होतं आणि ते मी चेहऱ्यावर येऊ देत नव्हते.

मग पडद्यावर ओळ आली. विंडोज सुरू करायला मेमरी अपुरी आहे.

विलासभाऊंनी ती इंग्रजी ओळ एकेक शब्द लावून वाचली. “आता पण कमीच?” ते म्हणाले. “मॅडम, तुम्ही टाकून राह्यल्या का काढून?”

गुरुजी इतक्या वेळानं हसले. “अरे, हे तर आमच्या तांड्याच्या नायकाच्या बैलासारखं झालं. पेंड जास्त घातली की उठायचाच नाही.”

ही मात्र माझी चूक होती, आणि निव्वळ हौसेची. ती विंडोज बनली त्या काळात चौसष्ट एमबी म्हणजे श्रीमंती. एवढा मोठा ओटा तिनं कधी पाहिलेलाच नसतो. तो दिसला की ती आधी स्वतःच्या ठेवाठेवीसाठी इतकी जागा अडवते, की प्रत्यक्ष कामाला जागा उरत नाही, आणि मग खरोखरच म्हणते, जागा नाही. पाचशेबारापर्यंत ती नीट चालते. हे मी कुठेतरी वाचलं होतं. आठवायला हवं होतं. नव्या मशीनवर वाढलेल्या माणसाला वाटतं, जास्त म्हणजे चांगलं. जुन्याला काय पेलेल ते आधी विचारावं लागतं.

मी एक पट्टी काढून खिशात ठेवली. पुन्हा सुरू केलं. आकाशी पडदा आला, ढग आले, आणि सुनंदावहिनींच्या हाताखालचं ते नेहमीचं रान दिसू लागलं, ‘पत्रिका’, ‘पत्रिका नवीन’, ‘पत्रिका खरी नवीन’ अशी नावं दिलेले कप्पे. सगळ्यांत खाली ‘गुरुजी’.

“तुम्ही उघडा,” मी वहिनींना म्हटलं. त्यांनी हात पदराला पुसला आणि दोनदा टिचकी मारली.

वाळूचं घड्याळ आलं. बराच वेळ राहिलं. विलासभाऊ काही बोलायला गेले, वहिनींनी मागे न बघता हात वर केला, ते थांबले. मग पडद्यावर वरून खाली अक्षरं उतरली. गोल, काळी, सुबक मराठी अक्षरं, खाली पानाचा क्रमांक. वहिनी पुढे गेल्या, शेवटच्या पानावर, मधल्या पानांवर. सगळं होतं.

“आधी छापा,” मी म्हटलं. “बाकी मग.” प्रिंटरची वायर त्या कुलपाच्या ठोकळ्याच्या पाठीतच खोचायची सोय होती. पहिली पानं बाहेर यायला लागली आणि विलासभाऊ ती दोन्ही हातांनी घेऊ लागले, गरम भाकरी घ्यावी तशी.

मी स्टुलावर बसून पावती भरली. मेमरी वाढवली, खाचा साफ केल्या. बिघाडाचं कारण, धूळ. सही केली आणि विलासभाऊंपुढे ठेवली.

“धुळीनं एवढं?” ते म्हणाले. “अन् मी उगाच… मले वाटलं, तुमच्या हातून…”

पावती वहिनींनी घेतली. वाचली. मग टेबलावरचा लाल पेन उचलून त्यांनी ‘धूळ’वर काट मारली आणि शेजारी टाइप करण्याइतक्या नीट अक्षरात लिहिलं, ‘कुंकू’.

“माह्या पूजेचं कुंकू आत गेलतं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तुम्ही बाहेर मशीन गेली म्हणून सांगून राह्यलते तवा तिले माहीत होतं. माह्यावर येऊ नये म्हणून गप्प बसली.”

विलासभाऊंनी पावती घेऊन ‘कुंकू’ वाचलं. मग माझ्याकडे वळले. “अन् तू सांगितलं काहून नाई वं पोरी?”

मॅडमची पोरगी झाले, ते मला बरं वाटलं. पण प्रश्न बरोबर होता. मी वहिनींना वाचवलं असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी स्वतःला एका अवघड वाक्यातून वाचवलं होतं. मी धूळ लिहून निघून गेले असते, तर पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पुन्हा झाकण काढलं असतं. नसतं काढलं तरी, कोणी न सांगता आपणच दोषी, असं मनात घेऊन वावरल्या असत्या. पूजा करा, पण झाकण लावून, एवढं तर सांगायचं होतं. पाच शब्दांचं काम.

“बरं, मला दाखवा तरी,” गुरुजी उठून पुढे आले. काळा चष्मा पडद्याच्या अगदी जवळ नेला आणि मागे घेतला. “नुसतं पांढरं दिसतंय. सुनंदा, पहिलं पान वाच. सगळं जागच्या जागी आहे का ऐकू दे.”

“माह्यानं नाई वाचवत आता,” वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “तिले सांगा.”

“तिले?” विलासभाऊ म्हणाले. “तिनं सकाळपासून चार शब्द खर्च केले, गुरुजी. तुम्ही पूर्ण पान मागून राह्यले.”

सगळे हसले. मीही हसले. मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले, कारण गुरुजी वाट बघत होते आणि त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

माझं मराठी वाचन चांगलं नाही. मोठ्यानं तर मी शाळा सुटल्यापासून वाचलं नव्हतं, आणि ही भाषा मला येतही नव्हती. पानावर मथळा होता, ‘पहिल्या दिवशी लेकराला काय म्हणावे’. खाली गोर बोली, शेजारी मराठी.

“आव,” मी वाचलं. “ये. बेस. बस.”

“हां,” गुरुजी म्हणाले. “पुढे.”

“तारो नाम कांई छ? तुझं नाव काय आहे?”

“असं नाही. ‘कांई’ नाकातून. अन् हळू. लेकरू घाबरलेलं आहे, त्याला धाक नाही वाटला पाहिजे. पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. प्रिंटर थांबला होता, बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावत होतं, आणि माझा आवाज मला खोलीत ऐकू येत होता.

“आता बरोबर,” गुरुजी म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, थोडे वाकले आणि अगदी पुस्तकात सांगितलं होतं तसं, नाकातून, हळू, धाक न वाटेल असं मला विचारलं, “तारो नाम कांई छ?”

सकाळपासून हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. पावतीवरसुद्धा मी फक्त सही करते, ती कोणाला वाचता येत नाही. उत्तराचं वाक्य पडद्यावर पुढच्याच ओळीत होतं, नावाच्या जागी टिंबं देऊन.

“मारो नाम केतकी छ,” मी म्हणाले.